सोलारिसहून लिनक्सकडे, पुणेमार्गे : एका फाइल सिस्टिमच्या स्थलांतराची हकीकत

#थ्रेड

१/ शोधनिबंधासाठी जमवलेल्या मोडी कागदांच्या छायाचित्रांपैकी काही फाइली मध्यंतरी एकाएकी ‘नाहीशा’ झाल्या. फोल्डर उघडला की नाव डोळ्यांना स्वच्छ दिसे : ‘शेतकऱ्यांचे अर्ज’. पण माझ्या यादीतले तेच नाव देऊन शोधायला सांगितले, की लिनक्सचे उत्तर ठरलेले : अशी फाइल नाही. छायाचित्रे एका मित्राच्या जुन्या मॅकवर उतरवून, झिप करून आणली होती; यादी मी मीरा रोडला घरी बसून टंकली होती. दोन दिवस डोके खाजवल्यावर अपराधी सापडला. तो होता ‘ऱ’.

२/ युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दोन्ही रूपे समान मानावीत, असे युनिकोडचे प्रमाण सांगते. ॲपलची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच अशा अक्षराची फोड करीत असे. लिनक्सवरच्या बहुतेक फाइल सिस्टिमा मात्र नावाकडे केवळ बाइटांची एक ओळ म्हणून पाहतात. जे दिले ते जसेच्या तसे ठेवतात. माणसाला एक दिसणारे नाव यंत्राच्या लेखी दोन होते. ‘पाटील’, ‘कुलकर्णी’ यांच्या फाइली सुखरूप होत्या. गायब झाले ते शेतकरी, गावकरी आणि वारकरी, आणि तेही फक्त अनेकवचनात.

३/ एका व्यवस्थेत जन्मलेली वस्तू दुसऱ्या व्यवस्थेत नेली की काय होते, हा इतिहासाच्या अभ्यासकाला नवा प्रश्न नाही. मी राहतो तो साष्टी बेटाचा उत्तर भाग आधी पोर्तुगीजांकडे होता. १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि डिसेंबर १७७४मध्ये ठाणे पडल्यावर इंग्रजांकडे गेला. मिठागरे तीच, शेते तीच, खाडी तीच. दप्तर मात्र दोनदा बदलले. लिपी बदलली, कालगणना बदलली, मोजमापे बदलली. जमीन हलली नाही, तिची नोंद वाचण्याची रीत हलली.

४/ संगणकातली फाइल सिस्टिम म्हणजे असेच एक दप्तर. डिस्क म्हणजे नुसती क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. कोणत्या कप्प्यात काय आहे, कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत पसरली आहे, तिचे नाव काय, मालक कोण, शेवटचा हात कधी लागला, हा सगळा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. आणि हे दप्तर सांभाळणारा कारकून ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो. त्याला उचलून दुसऱ्या कर्नलमध्ये बसवणे हे प्रोग्रामिंगमधल्या किचकट कामांपैकी एक. या थ्रेडमध्ये अशाच एका कारकुनाची बदली सांगायची आहे. तिचा एक महत्त्वाचा मुक्काम पुण्यात पडला होता, आणि तो आपल्याकडे जवळजवळ कुणाच्याच स्मरणात नाही.

५/ सुरुवात १९८०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी फेब्रुवारी १९८२मध्ये निघाली. चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला. त्यांचा जन्म १९५५ सालचा, पुण्याचा. (या योगायोगावर मी काहीही उभारणार नाही. पण पुण्याचा उल्लेख टाळला असता, तर उत्तरांच्या रकान्यात कुणीतरी आठवण करून दिलीच असती.)

६/ तोवर युनिक्समध्ये फाइल सिस्टिम एकच असे, आणि तिचे धागे कर्नलभर पसरलेले असत. सनला एकाच वेळी दोन हव्या होत्या : स्वतःच्या डिस्कवरची, आणि नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या फाइली आणणारी, म्हणजे एनएफएस. म्हणून त्यांनी मध्ये एक पडदा घातला. कर्नल वरून फक्त ‘उघड’, ‘वाच’, ‘लिही’, ‘नाव शोध’ असे ठरावीक हुकूम सोडणार. ते कसे पाळायचे, हे पडद्यामागची फाइल सिस्टिम ठरवणार. या पडद्यावरच्या फाइलीच्या रूपाला ‘व्हीनोड’ असे नाव मिळाले. १९८५च्या सुमारास हे सनच्या प्रणालीत आले आणि १९८६मध्ये स्टीव्ह क्लाइमन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढच्या जवळपास प्रत्येक युनिक्सने ही कल्पना उचलली. मात्र प्रत्येकाने पडदा आपापल्या मापाने शिवला, आणि आपल्या गोष्टीतली निम्मी भांडणे त्या मापांची आहेत.

७/ दुसरे भांडण अंकांचे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना मोठा भाग आधी लिहायचा की लहान? सनची स्पार्क यंत्रे मोठा भाग आधी लिहीत, इंटेलची यंत्रे लहान भाग आधी. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या एका टिपणात या दोन पंथांना ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिटल-एंडियन’ ही नावे दिली. गलिव्हरच्या सफरीत अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्ध होते, तिथून ती घेतली आहेत.

८/ आपल्याला मात्र अंड्याकडे जाण्याची गरज नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ५ नंतर. म्हणजे मराठी माणूस बोलताना लिटल-एंडियन असतो आणि लिहिताना बिग-एंडियन! पेशवाईतल्या कागदांवरचा शुहूर सन पाहा : ‘तिसा सितैन मया व अलफ’. नऊ, साठ, शंभर आणि हजार. एकक आधी, सहस्र शेवटी : ११६९. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६८-६९. नवखा विद्यार्थी हे उलटे वाचून हमखास अडखळतो. यंत्रही तसेच अडखळते. फरक एवढाच, की ते चुकीची संख्या बिनदिक्कत खरी मानून पुढे जाते.

९/ आता मुख्य पात्र. २००१मध्ये सनमध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या फाइल सिस्टिमचे काम हाती घेतले : झेडएफएस. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी तिचा कोड सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य प्रवाहात दाखल झाला. तिचे वैशिष्ट्य असे, की ती डिस्कवर विश्वासच ठेवत नाही. प्रत्येक कप्प्याची पडताळणी-बेरीज (चेकसम) त्या कप्प्यात न ठेवता, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या कप्प्यात ठेवते. वरच्याची त्याच्याही वर. असे थेट मुळापर्यंत. खालच्या एका बाइटने जरी रंग बदलला, तरी वरचा साक्षीदार बोलतो. दुसरी प्रत शिल्लक असेल तर ती वापरून दुरुस्तीही होते. कागदाला वाळवी लागते तशी डिस्कवरच्या मजकुरालाही लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या पहाऱ्याला अभिलेखागारांच्या दृष्टीने मोल आहे.

१०/ सनकडे स्पार्कही होते आणि इंटेलही, त्यामुळे अंकांच्या उलटसुलट क्रमाचा प्रश्न झेडएफएसला पाळण्यातच भेटला. तिने काढलेला तोडगा मला फार आवडतो. यंत्राने आपल्या सवयीप्रमाणे लिहावे, आणि प्रत्येक कप्प्याच्या निर्देशकात एका बिटाने नोंदवून ठेवावे की हे कोणत्या क्रमाने लिहिले आहे. वाचणाऱ्याचा क्रम तोच असेल तर काहीच करायचे नाही. वेगळा असेल तर वाचताना उलटवून घ्यायचे. मुळाशी जो कप्पा असतो, त्याच्या आरंभी एक ठरलेला खुणेचा अंक असतो. तो उलटा दिसला, की ओळखायचे : लिहिणारा दुसऱ्या पंथाचा होता.

११/ इथे पुण्यात डोकावून येऊ. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. तिची व्हीएक्सएफएस ही फाइल सिस्टिम सोलारिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स, लिनक्स अशी घरोघरी नांदणारी. एका यंत्राची डिस्क काढून दुसऱ्या जातीच्या यंत्राला लावता यावी, हे व्हेरिटासच्या गिऱ्हाइकांनाही हवे होते. त्यांची रीत निराळी : स्थलांतराच्या वेळी एक साधन चालवायचे आणि सगळी व्यवस्थापकीय नोंद एकदाच उलटवून घ्यायची. म्हणजे सगळे दप्तर एका बैठकीत बाळबोध करून टाकण्यासारखे. झेडएफएसची रीत ‘जो कागद लागेल तो तेव्हा वाचू’ अशी. कारण उघड आहे. सनच्या माणसांना दोन यंत्रजाती पहिल्या दिवसापासून पोसायच्या होत्या, व्हेरिटासला आधीपासून गिऱ्हाइकांकडे पडून असलेल्या डिस्का सांभाळायच्या होत्या.

१२/ झेडएफएसच्या घडणीत आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे पुढचे सगळे शक्य झाले. कर्नलमधला कोड चुकला तर यंत्रच कोसळते, म्हणून तपासणे अवघड. सनच्या माणसांनी झेडएफएसचा मोठा भाग असा लिहिला, की तोच कोड कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारखाही बांधता यावा, आणि मग त्याचे वाटेल तितके हाल करावेत : मध्येच मारावे, डिस्क बिघडवावी, पुन्हा उठवावे. हेतू चाचणीचा होता. पण कर्नलबाहेर चालायचे, तर कर्नलवर कुठे कुठे रेलून आहोत ते आधी नेमके माहीत हवे. सोलारिस सोडून बाहेर पडण्याची तयारी सनने नकळत स्वतःच करून ठेवली.

१३/ आणि कोड खुला होता. सनने तो सीडीडीएल या परवान्याखाली प्रसिद्ध केल्यामुळे जगभर हात शिवशिवू लागले. २००६मध्ये रिकार्डो कोरेया या विद्यार्थ्याने गूगलच्या उन्हाळी उपक्रमात ती फ्यूज या सोयीवर, म्हणजे कर्नलच्या बाहेरून, लिनक्सवर आणायला घेतली. चालली, पण वेग मंद. २००७मध्ये पावेल याकुब डाविडेक यांनी ती फ्रीबीएसडीत नेली. फ्रीबीएसडीचा पडदाही व्हीनोडच्याच कुळातला, तेव्हा सासर फार परके नव्हते. ॲपलनेही हात घातला होता. २००९च्या ऑक्टोबरमध्ये तो काढून घेतला.

१४/ लिनक्सची गोष्ट वेगळी. तिथे व्हीनोड नाही. तिथे ‘आयनोड’ आणि ‘डेंट्री’ अशी जोडगोळी आहे, आणि नावांची आठवण ठेवण्याचे काम कर्नल स्वतःकडे ठेवते. सोलारिसमध्ये कर्नलमधल्या प्रत्येक धाग्याला कामापुरती मोकळी जागा (स्टॅक) बरीच असे. ६४-बिट इंटेलवरच्या लिनक्समध्ये ती त्या काळी केवळ ८ किलोबाइट होती. वाड्यात वाढलेल्या माणसाला चाळीतल्या खोलीत संसार थाटायला सांगावे, तसे. स्मृती मागण्याची पद्धत वेगळी, कुलपे वेगळी. झेडएफएस वाचलेल्या मजकुराचा साठा स्वतःच्या कोठारात ठेवते, लिनक्सचे कोठार निराळे. काही फाइलींचा मजकूर त्यामुळे दोन्हीकडे साठतो. आणि लिनक्स आपल्या अंतर्गत रचनेविषयी बाहेरच्यांना कोणतेही वचन देत नाही. आज जुळलेला सांधा पुढच्या आवृत्तीत निखळू शकतो.

१५/ त्याहून मोठा अडसर कायद्याचा. लिनक्स जीपीएल परवान्याखाली, झेडएफएस सीडीडीएलखाली. दोन्ही खुले, दोघांचेही म्हणणे : ‘माझ्यापासून बनलेले माझ्याच अटींवर वाटा.’ दोघांच्या अटी एकत्र पाळता येत नाहीत, असे बहुतेक जाणकारांचे मत. काही कायदेपंडितांचे वेगळेही. व्यवहारात निघालेली वाट अशी, की झेडएफएस लिनक्सच्या घरात घ्यायची नाही. दारात वेगळे मॉड्यूल म्हणून उभी ठेवायची आणि ज्याला हवी त्याने आपल्या यंत्रावर जोडून घ्यायची.

१६/ आता अमेरिकेतली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा. तिच्या महासंगणकांवर लस्टर नावाची, हजारो यंत्रांवर पसरणारी फाइल सिस्टिम होती, आणि तिच्याखाली पाया म्हणून त्यांना झेडएफएस हवी होती. ब्रायन बेहलेनडॉर्फ यांनी त्यासाठी एक दुभाषी थर रचला. नावच ‘सोलारिस पोर्टिंग लेयर’. झेडएफएस सोलारिसच्या भाषेत कुलूप मागणार, स्मृती मागणार, कामाची रांग मागणार. हा थर ती मागणी लिनक्सच्या भाषेत सांगणार. मूळ कोडला शक्य तितका कमी हात लावायचा. कोड पोर्ट करणाऱ्यांपुढे नेहमी दोन वाटा असतात : मजकूर नव्या देशाच्या भाषेत पुन्हा लिहायचा, किंवा सोबत दुभाषी द्यायचा. पुन्हा लिहिलेला मजकूर अधिक सफाईदार असतो, पण मूळ ठिकाणी दुरुस्ती झाली की पुन्हा सगळे भाषांतर करावे लागते. बेहलेनडॉर्फ यांनी दुभाषी निवडला, आणि माझ्या मते हा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय होता.

१७/ पण गंमत अशी. लस्टर झेडएफएसच्या मधल्या थराशी थेट बोलते. तिला फाइली, फोल्डर, मालक, परवानग्या हा वरचा थर लागतच नाही. त्यामुळे लिव्हरमोरने तो आधी केलाच नाही. म्हणजे २०१०च्या मध्यास लिनक्सवर झेडएफएसचा पाया होता, भिंती होत्या, कोठार होते; पण सामान्य माणसाला आत शिरायला दार नव्हते. तुम्ही झेडएफएसकडून कोरी आभासी डिस्क मागू शकत होता. तिच्यातला फोल्डर उघडून फाइल ठेवू शकत नव्हता.

१८/ हे दार बसवायला घेतले पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने. लिव्हरमोरचा कोड आरंभबिंदू म्हणून घेऊन तिने वरचा थर लिनक्सच्या पडद्याला जोडायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१०मध्ये बातमी बाहेर आली, तेव्हा लिनक्सच्या वर्तुळांत एकच खळबळ उडाली. निम्म्यांचा प्रश्न ‘हे कायदेशीर आहे का?’, उरलेल्यांचा ‘मला कधी मिळेल?’. आधी निवडक लोकांकडून चाचणी झाली, आणि जानेवारी २०११मध्ये सर्वांसाठी आवृत्ती निघाली. डिस्कवरील रचनेची २८ क्रमांकाची आवृत्ती ती वाचू-लिहू शकत होती.

१९/ त्या थराचे काम म्हणजे नेमके काय, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘या फोल्डरमध्ये अमुक नाव शोध’ हा साधा हुकूम घ्या. सोलारिसमध्ये त्याचे उत्तर म्हणून व्हीनोड परत द्यायचा. लिनक्समध्ये आयनोड शोधून तो कर्नलने पुढे केलेल्या डेंट्रीला चिकटवायचा. नाव सापडले नाही तरी ‘सापडले नाही’ हीसुद्धा नोंद तिथे करायची. फाइल पुसताना उलटा प्रश्न : शेवटचा वापरणारा गेला हे आधी कुणाला कळणार, लिनक्सला की झेडएफएसला? दोघांनीही ‘मी धरून ठेवतो’ म्हटले तर स्मृती कधीच सुटत नाही. दोघांनीही सोडली तर यंत्र कोसळते. कुलपे दोघांची दोन, आणि ती लावायचा क्रम चुकला तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे उभे. असे डझनावारी हुकूम, आणि प्रत्येकाला लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे वेगवेगळे माप. इतिहासात अशा कामाला सहसा नाव मिळत नाही. तह कुणी केला ते लिहिले जाते. तहाचा मसुदा दोन भाषांत जुळवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते.

२०/ २८ या अंकामागेही इतिहास आहे. जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सन विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोलारिसचा खुला विकास थांबवला. खुल्या जगाच्या हाती शेवटची सापडलेली रचना २८ क्रमांकाची. ओरॅकल बंद दाराआड २९, ३० असे पुढे मोजत राहिले. बाहेरच्यांनीही २९ म्हटले असते, तर एकाच क्रमांकाची दोन वेगळी दप्तरे निघाली असती. (तोतयांची प्रकरणे वाचलेल्यांना हा धोका समजावून सांगायला नको.) म्हणून त्यांनी एकदम ५००० हा क्रमांक घेतला आणि मोजणीच सोडून दिली. त्यापुढे कोणती सोय वापरली आहे, त्याची नावनिशीवार यादी डिस्कवरच ठेवायची. वाचणाऱ्याला त्यातली एखादी सोय ठाऊक नसेल तर त्याने सरळ माघार घ्यावी, किंवा चालण्यासारखे असेल तर केवळ वाचावे, लिहू नये. २८पर्यंत सगळ्यांचे घर एक होते. तिथून वाटण्या झाल्या.

२१/ पुण्याचा मुक्काम मात्र अल्प ठरला. एप्रिल २०११मध्ये एसटेक या अमेरिकी कंपनीने केक्यू इन्फोटेक विकत घेतली. एसटेकचा धंदा वेगवान फ्लॅश डिस्कांचा. झेडएफएसचे काम तिथेच थांबले. पुढे २०१३मध्ये एसटेकही वेस्टर्न डिजिटलच्या उदरात गेली. आवृत्ती निघाल्यापासून काम थांबेपर्यंत अवघे तीन-चार महिने. एखाद्या सरदाराने किल्ला जिंकावा आणि पुढच्याच पावसाळ्याआधी त्याची जहागीर दुसऱ्या सुभ्यात बदलून द्यावी, असा प्रकार.

२२/ काम मात्र वाया गेले नाही, कारण ते उघड्यावर ठेवले होते. पुण्याचा कोड गिटहबवर राहिला आणि अखेरीस लिव्हरमोरच्या प्रवाहात सामावला गेला. लिव्हरमोरनेही २०११पासून आपल्या आवृत्तीत वरचा थर आणला आणि मार्च २०१३मध्ये ती सर्वांच्या वापरासाठी स्थिर म्हणून जाहीर केली. बंद कोड असता तर कंपनीबरोबर तोही गाडला गेला असता. दप्तर जाळले गेले की त्या राजवटीबद्दल शत्रूच्या बखरीत जे असेल तेवढेच उरते.

२३/ यापुढचे उलटे वळण कुणालाच अपेक्षित नव्हते. सप्टेंबर २०१३मध्ये सगळ्या खुल्या शाखांनी ‘ओपनझेडएफएस’ या नावाखाली एकत्र यायचे ठरवले. तोवर मूळ घर मानले जाई ते सोलारिसच्या खुल्या वारसाचे, इल्युमॉसचे. पण माणसे, चाचण्या आणि नव्या सोयी लिनक्सकडे वाढत गेल्या. २०१८च्या अखेरीस फ्रीबीएसडीच्या बाजूने जाहीर झाले, की आता इल्युमॉसऐवजी लिनक्सवरचा कोड मूळ धरायचा. ३० नोव्हेंबर २०२० रोजी ओपनझेडएफएस २.० आली : लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघांसाठी एकच कोड. ज्या घराने परवान्यावरून तिला आत घेतले नाही, त्याच्या अंगणातच तिचे माहेर झाले.

२४/ आज तो कोड उघडून पाहिला, तर रचना एखाद्या संस्थानासारखी वाचता येते. सामाईक भाग मध्ये. आणि ‘ओएस’ नावाच्या फोल्डरात दोन उपफोल्डर, एक लिनक्सचा, एक फ्रीबीएसडीचा. यंत्रानुसार बदलणारे जे जे आहे, ते इथे वेगळे काढून ठेवलेले. दुभाषी थराचे नाव अजून ‘एसपीएल’च आहे, त्यातला ‘एस’ अजून सोलारिसचा. जे राज्य कोडबाहेर मावळले, त्याची भाषा कोडच्या दरबारात चालूच आहे. आपल्याकडे निजामशाही संपून तीन शतके उलटल्यावरही आपण ‘तहसील’, ‘जमाबंदी’ म्हणतोच.

२५/ आणि लिनक्सच्या फोल्डरात पाहा : तिथे वरच्या थराच्या, म्हणजे त्या दाराच्या फाइली एका रांगेत बसल्या आहेत. पुण्यात ज्या कामासाठी माणसे बसली होती, ते हेच काम. तिथली आजची प्रत्येक ओळ त्यांची आहे असा दावा मी करीत नाही. तेव्हापासून कित्येक हात फिरले आहेत. पण पुण्याच्या संगणक-इतिहासावर लिहिताना आपण कंपन्यांची उलाढाल आणि इमारती मोजतो, आणि कुणी कोणता सांधा जोडला याकडे पाहत नाही. गिटमध्ये प्रत्येक बदलामागे तारीख, नाव आणि कारण नोंदलेले असते. अठराव्या शतकावर काम करणाऱ्याला असे एक दप्तर हाती लागले, तर तो आनंदाने वेडा होईल. इथे ते फुकट पडून आहे.

२६/ माझ्या ‘शेतकऱ्यांच्या अर्जां’चे काय झाले, असे विचारणार असाल, तर झेडएफएसमध्ये त्यावरही उपाय आहे. नावांची तुलना करताना ‘ऱ’ची दोन्ही रूपे एकच धरावीत, असे तिला सांगता येते; साठवलेले नाव ती बदलत नाही, फक्त ताडून पाहताना समान मानते. अट एवढीच, की हे साठवण निर्माण करतानाच सांगावे लागते, मागाहून नाही. मी सांगितले नव्हते, कारण माझ्याकडे झेडएफएसच नव्हती. शेवटी एक लहानसा प्रोग्राम लिहून सगळी नावे एका रूपात आणली.

२७/ तरी अकरा फाइली उरल्याच. तपासले तेव्हा कळले, की ‘ऱ्या’ लिहिण्याची तिसरीही तऱ्हा आहे : साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. ते रूप पहिल्या दोघांशी समान आहे, असे युनिकोड मानत नाही. त्यामुळे कोणतीही फाइल सिस्टिम ते ताडून देऊ शकत नाही. ती नावे माझ्याच जुन्या मोबाइलवरून टंकलेली निघाली. ती अकरा मी हाताने दुरुस्त केली.